आठ फूट सात इंच

टपापर्यंत आठ फूट सात इंच.
कुंदाने शिवणाच्या टेपने मोजले,
मी खाली उकिडवा, टेपचं टोक अंगठ्याखाली दाबून.
टेप पाच फुटांचा. मध्ये पेन्सिलची खूण करावी लागली,
ती अजून आहे, दाराच्या बिजागरीपाशी.

ही गाडी खाणीची. चौदा वर्षं
सावर्ड्याहून पहाटेची पाळी मीच हिच्यातून नेली.
खाण बंद पडली, लिलावात हीच घेतली,
सोळा सीटं काढून एक पलंग बसवला,
शेगडी, बेसिन, टपावर सोलरच्या दोन पाट्या.
कावळ्यांना त्या पाट्या फार आवडल्या.
पंखा रात्री दोनला बंद पडू लागला
तेव्हा कळलं, वर जायला आपल्याकडे काहीच नाही.

मडगावात, हार्डवेअरच्या दुकानात,
शिड्या भिंतीला टेकून होत्या,
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या.
पोरगा एकेक पुढे आणी.
ही दुर्बिणीसारखी, नळीत नळी,
मिटली की अडीच फूट, पलंगाखाली जाईल.
खट् खट् खट् उघडली.
मिटताना बोट मध्ये आलं तर?
तो हसला. त्याच्या अंगठ्याचं नख काळं होतं.
"आणि रेती?" कुंदाने विचारलं.
"आम्ही दर्याकाठीच असतो जास्त."
रेती आणि खारं वारं, तो म्हणाला, तेवढं सांभाळायचं.

दुसरी घडीची. चौदा किलो.
कुंदाने उचलून पाहिली, परत ठेवली,
काही बोलली नाही. तिचा उजवा खांदा.
तिसरी दोरीची.
तिच्याकडे आम्ही दोघं नुसतेच पाहत राहिलो.
मागच्या दाराला कायमची वेल्ड करा,
हा एका गिऱ्हाइकाचा फुकट सल्ला;
पण ते दार मला ठाऊक आहे,
स्वतःचंच वजन त्याला जड झालंय.
पेलते किती? दीडशे किलो.
माझं एकोणनव्वद, हे कुंदाने
अख्ख्या दुकानाला ऐकवलं.

रिकाम्या हातांनी निघालो.

गालजीबागला सुरूंच्या सावलीत गाडी लावली.
इनास रेंदेर संध्याकाळची सूर काढून
माडावरून उतरत होता, कमरेला काती,
टाचेला एकेक खाच न बघता सापडत होती.
त्याला विचारलं. शिडीला तो निसण म्हणाला.
"चडपाक कितेंय चलता.
देंवपाक निसण जाय."
चढायला काहीही चालतं रे, उतरायची शिडी घे.
पायरी बोटाएवढी नको, तळव्याएवढी घे,
काळोखात पाय मागे टाकशील
तेव्हा ती तिथेच असली पाहिजे.
एवढं बोलून सायकलवर बसला, गेला.

मग घेतली. रुंद पायऱ्यांची, दोन तुकड्यांची,
वर दोन आकडे, खाली रबरी पाय, साडेसात किलो.
आत कुठेच मावेना.
टपावरच बांधून टाकू, मी म्हटलं.
कुंदा बराच वेळ माझ्याकडे पाहत होती.
"आणि ती काढायला वर कसा जाणारेस?"

आता पलंगाच्या कडेला उभी असते.
तिच्यावर टॉवेल वाळतात, माझी लुंगी, एकदा बांगडे ठेवलेली पिशवी.

आज पहिल्यांदा लावली. रेतीत पाय रुतले,
म्हणून एका पायाखाली भाजी चिरायची फळी,
दुसऱ्याखाली तिच्याच मापाचं पोळपाट.
कुंदा चढली, अनवाणी, बादली दोरीने ओढून घेतली.
मी खाली, दोन्ही हातांनी निसण धरून.
आधी कावळ्यांचं आलं.
मग पन्हळीतून तांबडं पाणी,
मनगटावरून कोपरापर्यंत तांबडं.
कितीदा धुतली होती ही गाडी.
तरी सावर्डे अजून कुठल्या सांध्यात बसलेलं.

"झालं," ती वरून म्हणाली. मग उतरेचना.
"काय दिसतंय?"
"काही नाही. नदी. थांब जरा."
थांबलो. हात भरून आले, तरी थांबलो.

पोळपाट थोडं सरकलं होतं, ते पायाने नीट केलं.
ये आता.
डावा पाय आधी. अजून खाली, अजून.
हां. आहे पायरी.